एकाच नावाची दोन गावे आणि संगणकाची यादी

ऑनलाइन अर्ज भरताना तालुका निवडला, की त्यातील गावांची यादी उघडते. त्या यादीत आपले गावच नसेल, तर अर्ज तिथेच अडतो. असे का घडते, हे समजण्यासाठी ही यादी मुळात कशी तयार होते, ते पाहिले पाहिजे.

महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून असलेल्या, मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १७ लाखांवर आहे. लांजी, बैहर, कटंगी, वारासिवनी अशा तहसिलींत त्याची गावे विभागलेली आहेत. डेटाबेसकडे ही गावे मागितली, की उत्तर सपाट तक्त्याच्या रूपात मिळते. प्रत्येक ओळीत एक गाव आणि शेजारी तहसिलीचे नाव असते. लांजीची जितकी गावे, तितक्या वेळा ‘लांजी’ हे नाव येते. वेबपानाला मात्र प्रत्येक तहसील एकदाच आणि तिच्याखाली तिची गावे हवी असतात. ही गटवार मांडणी ‘जेसन’ या मजकूर-स्वरूपात पाठवली जाते.

सर्व्हरवरील प्रोग्राम हे काम एकाच फेरीत करतो. तो एक ओळ वाचतो, तिच्या तहसिलीचा गट नसल्यास नवा उघडतो आणि गाव त्यात घालतो. सर्व ओळी संपल्या, की संपूर्ण रचनेचे जेसनमध्ये रूपांतर करतो.

प्रश्न उरतो, तो गट आणि गाव ओळखायचे कशावरून हा. नावावरून ओळखल्यास ‘वारासिवनी’ आणि ‘वारा सिवनी’ या संगणकाच्या लेखी दोन तहसिली ठरतात. उलट, नाव एक आणि गावे दोन असल्यास नंतरचे गाव आधीच्याला पुसून टाकते. आपल्याकडे नागवा बार्देशातही आहे आणि सासष्टीतही. म्हणून ओळख संकेतांकावरूनच पटवावी. नाव केवळ दाखवण्यापुरते ठेवावे. जनगणनेने प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक दिलेला आहे. जेसनमध्ये तो अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणूनच लिहावा. संख्या म्हणून लिहिल्यास आरंभीची शून्ये गळून पडतात.

शेवटी दोन गोष्टी मोजाव्यात. सर्व गटांतील गावांची बेरीज तक्त्यातील ओळींइतकी आणि गटांची संख्या तहसिलींइतकी भरली पाहिजे. ती भरली नाही, तर चूक नागरिकांपर्यंत पोहोचण्याआधीच सापडते.