तिशी-चाळिशीत खुबा बदलावा लागला, तर नवा सांधा किती वर्षं टिकतो?

खुब्याचं ऑपरेशन म्हटलं की डोळ्यासमोर येतात सत्तरीतले आजी-आजोबा. बाथरूममध्ये घसरले, हाड मोडलं, सांधा बदलला. पण हाडांच्या डॉक्टरांकडे तिशी-चाळिशीतले पेशंटही खुबा बदलायला येतात.

यातलं एक मोठं कारण म्हणजे एव्हीएन. यात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडतो, हाड आतून मरतं आणि गोळा खचतो. जास्त स्टेरॉइड, अति दारू, अपघात, सिकलसेल अशा कारणांनी हे होतं. विदर्भात सिकलसेलचे पेशंट बरेच आहेत. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना कोरोनातून बरे झालेल्या तरुणांमध्येही एव्हीएनच्या केसेस दिसल्या होत्या.

अशा पेशंटचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, हा सांधा आयुष्यभर पुरेल ना?"

वय कमी, तर जोखीम जास्त

'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली ब्रिटनमधल्या पेशंटचा एक मोठा अभ्यास छापून आला. सत्तरीनंतर खुबा बदललेल्या माणसाला आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता होती ५ टक्क्यांच्या आसपास. पन्नाशीच्या सुरुवातीला खुबा बदललेल्या पुरुषांमध्ये हाच आकडा होता ३५ टक्के.

गणित सरळ आहे. तरुण माणसाला सांधा जास्त वर्षं वापरायचा असतो आणि तो चालतोही जास्त. लॅबमध्ये सांधे तपासताना एका वर्षाच्या चालण्यासाठी साधारण १० लाख पावलं धरतात. त्यात दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं, कारण नवा सांधा बसवायला चांगलं हाडच कमी उरलेलं असतं.

सगळा खेळ झिजेचा

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. तो बदलण्याची आजची पद्धत रुळली ती इंग्लंडच्या जॉन चार्नली या सर्जनमुळे. त्यांनी आधी वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. गुळगुळीत असल्यामुळे पेशंट सुरुवातीला मस्त चालायला लागले. पण दोन-तीन वर्षांतच वाट्या झिजल्या आणि आजूबाजूच्या पेशी सुजल्या. सुमारे ३०० पेशंटमध्ये हे टेफ्लॉन बसवलेलं होतं. चार्नलींनी या प्लास्टिकचे नमुने स्वतःच्या मांडीत बसवून शरीर काय करतं ते पाहिलं.

मग १९६२ मध्ये त्यांनी पॉलिथिलिनची वाटी आणि धातूचा गोळा अशी जोडी आणली. ती इतकी टिकाऊ निघाली की पुढची अनेक दशकं जगभर वापरली गेली.

पण हे पॉलिथिलिनही वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजायचं. आकडा किरकोळ वाटतो, पण त्यातून प्लास्टिकचे लाखो सूक्ष्म कण सुटतात. शरीरातल्या संरक्षक पेशी हे कण गिळतात, पण त्यांना ते पचवता येत नाहीत. त्यातून सूज येते आणि शरीर सांध्याभोवतीचं स्वतःचंच हाड विरघळवायला लागतं. मग धातू आणि प्लास्टिक शाबूत असलं तरी सांधा हलायला लागतो.

प्लास्टिक नको म्हणून धातू

तरुणांसाठी यावर एक उपाय पुढे आला. गोळाही धातूचा, वाटीही धातूची. प्लास्टिक नाही, म्हणजे प्लास्टिकचे कणही नाहीत. शिवाय मोठा गोळा बसवता येत असल्यामुळे सांधा निखळण्याची भीती कमी.

कागदावर सगळं छान होतं. पण धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरायला लागलं आणि काही पेशंटच्या सांध्याभोवतीचे स्नायू सडले. डीप्यू कंपनीचा एएसआर सांधा हे यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण. ब्रिटनच्या नोंदणीत त्याचे १२ ते १३ टक्के पेशंट पाच वर्षांतच पुन्हा टेबलवर आलेले दिसले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. तोवर सुमारे ९३,००० सांधे बसवून झाले होते.

भारतात हा आकडा ४,७०० च्या आसपास होता. महाराष्ट्राच्या एफडीएने या प्रकरणात तक्रार केली, पुढे केंद्राने तज्ज्ञांची समिती नेमली. तेव्हा कळलं की ३,६०० च्या आसपास पेशंटचा पत्ताच लागत नाही. कुणाच्या शरीरात कोणता सांधा आहे, याची धड नोंदच नव्हती.

मग टेनिसपटू अँडी मरे धातूचा खुबा घेऊन कसा खेळला? त्याचं जानेवारी २०१९ मधलं ऑपरेशन 'रिसरफेसिंग'चं होतं. यात गोळा कापून टाकत नाहीत, त्यावर धातूची टोपी बसवतात. मोठ्या हाडांच्या तरुण पुरुषांमध्ये हे चांगलं चालतं. बायकांमध्ये आणि लहान मापाच्या सांध्यांमध्ये निकाल वाईट आले, म्हणून त्यांच्यासाठी हा पर्याय जवळपास मागे पडला.

आता काय वापरतात?

१९९० च्या दशकाच्या शेवटी जुनं पॉलिथिलिनच सुधारून आलं. त्यावर किरणांचा मारा केला की त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत घट्ट जोडल्या जातात आणि झीज एकदम घटते. ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीत १६ वर्षांनंतर जुन्या प्लास्टिकच्या ११.७ टक्के सांध्यांवर पुन्हा ऑपरेशन झालं होतं, नव्या प्लास्टिकच्या ६.२ टक्के. पन्नाशीच्या आतल्या पेशंटमध्येही याचे निकाल चांगले आहेत.

यासोबत तरुणांना बरेचदा सिरॅमिकचा गोळा बसवतात. काही जणांना वाटीही सिरॅमिकची बसवतात. अशी जोडी सगळ्यात कमी झिजते, पण क्वचित तुटते आणि काहींच्या सांध्यातून चालताना चक्क 'कुईं' असा आवाज येतो.

पेशंटने काय करावं?

'नवीन' आणि 'टिकाऊ' हे दोन वेगळे शब्द आहेत. टेफ्लॉन नवीन होतं, एएसआरही नवीन होता. म्हणून ऑपरेशनआधी एवढं नक्की विचारावं: गोळा कशाचा, वाटी कशाची आणि याच मॉडेलचे किमान दहा वर्षांचे निकाल आहेत का?

सांध्याच्या खोक्यावर कंपनीचं नाव आणि लॉट नंबर असलेले स्टिकर येतात. डिस्चार्जच्या वेळी त्यातलं एक मागून फाइलला लावावं आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवावा. उद्या तो सांधा परत मागवला गेला, तर पेशंटला शोधायला आणि पेशंटला भरपाई मागायला तेवढाच पुरावा हाताशी असतो. दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढावा. हाड विरघळायला लागतं, तेव्हा सुरुवातीला दुखत नाही.