न वाचलेला कागद

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ज्याने रचली त्याच्या खिशात क्रेडिट कार्ड नव्हते. असते, तर त्या बिचाऱ्याने म्हणीला आणखी एक शेपूट जोडले असते!

माझ्या पुतण्याने ही दोन्ही कामे चार वर्षांच्या अंतराने काढली. तो बारामतीला एम.आय.डी.सी.तल्या एका कारखान्यात नोकरीला आहे. महिना ६२,००० रुपये हातात येतात. बारामतीतच त्याने ३८ लाखांचा एक फ्लॅट पाहिला. ८ लाख घरचे घालायचे आणि ३० लाख बँकेचे, असा बेत ठरला. आमच्या वहिनी इंदापूरच्या जुन्या घरात दोन खोल्यांत एकट्या राहतात. थोरल्या बंधूंच्या मागे जो काही पैसा आला, तो त्यांनी ‘घरासाठी’ म्हणून ठेवीत टाकलेला. त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. वास्तुशांतीला कोणाकोणाला बोलवायचे, याची यादीदेखील त्यांनी करून ठेवली होती.

आणि एके दिवशी पुतण्याचा फोन आला. “तात्या, उद्या बारामतीला येऊन जाल का? पण आईला काही बोलू नका.”

मी हायस्कुलात गणित शिकवण्यात हयात घालवलेला माणूस. तीस लाखांचा साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता सुमारे २६,०३५ रुपये होतो, हे मी एस.टी.तच काढून ठेवले. पगाराच्या मानाने तो सहज बसत होता. मग अडले कोठे?

बँकेतले अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. “यांची दोन क्रेडिट कार्डं आहेत. मर्यादा मिळून १,६०,०००. बाकी १,४६,०००. सिबिलचा आकडा ६६८.”

मी पुतण्याकडे पाहिले. तो जमिनीकडे पाहत होता.

साहेबांनी हिशेब समजावून दिला. आमच्या मिळकतीच्या साधारण निम्मा भाग, म्हणजे ३१,००० रुपये, सगळ्या हप्त्यांसाठी धरायचा, असा त्यांचा ठोकताळा. कार्डाच्या बाकीचे पाच टक्के, म्हणजे ७,३०० रुपये, हा दरमहाचा बोजा समजून त्यातून आधीच वजा करायचे. उरले २३,७००. एवढ्या हप्त्यात कर्ज बसते सुमारे २७ लाख ३० हजारांचे. कार्डाची बाकी नसती तर तेच पावणेछत्तीस लाखांपर्यंत गेले असते. म्हणजे दीड लाखाच्या आतल्या देण्याने आठ लाखांवर कर्ज गिळले होते! बँकेबँकेचा ठोकताळा थोडा वेगळा असतो, पण चाल हीच.

आता तो सिबिलचा आकडा. ही पतनोंद ठेवणारी संस्था २००० साली स्थापन झाली. तशा आज देशात चार कंपन्या आहेत. आपण कोणाकडून किती उसने घेतले आणि वेळेवर फेडले की नाही, याची त्या नोंद ठेवतात आणि ३०० ते ९०० यांमध्ये गुण देतात. ७५० च्या पुढे असलात तर बँका सहसा हसून स्वागत करतात. खाली गेलात की एक तर नकार, नाही तर चढे व्याज. हे चढे व्याज अर्धाच टक्का धरा. तीस लाखांवर महिन्याला ९५७ रुपये जास्त, आणि वीस वर्षांत सुमारे २ लाख ३० हजार!

“पण तात्या, मी दर महिन्याला पैसे भरत होतो,” बाहेर चहा घेताना पुतण्या काकुळतीने म्हणाला. “दोनदा तारीख उलटली, एवढंच.”

“किती भरत होतास?”

“मिनिमम ड्यू.”

येथेच तर सारी मेख आहे. त्याच्या कार्डांवर व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. १,४६,००० वर महिन्याचे व्याज ५,११०, त्यावर अठरा टक्के जी.एस.टी. ९२०. एकूण ६,०३०. तो भरत होता ७,३००. मुद्दलात जमा किती? १,२७०! शिवाय पूर्ण बिल भरले नाही की बिनव्याजी मुदत संपते आणि नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. लग्नातली खरेदी, मग बाळंतपण, मग एक फ्रीज. उधळपट्टी अशी एकही नव्हती. पण बाकी जागची हलत नव्हती.

“असं वाटतं, हे सगळे कागद जाळून टाकावेत!” पुतण्या चिडून म्हणाला.

मला हसू आले. कारण कागद जाळण्याचा हा प्रयोग याच तालुक्यात एकदा होऊन गेला आहे. बारामती तालुक्यातले सुपे हे गाव. १२ मे १८७५ रोजी तेथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जखते, हिशेबाच्या वह्या यांची होळी केली. तेथून दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. इतिहासात त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. त्याच्या आधीची हकीगत तर अगदी आजची वाटावी. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, कापसाचे भाव चढले आणि सावकार आपण होऊन कर्ज देऊ लागले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि तेच सावकार वसुलीला उभे राहिले. भरभराटीत घरबसल्या मिळालेले कार्ड आणि ते कर्ज, यांत मला तरी फार अंतर दिसेना.

पुढे १८७९ साली सरकारने कायदा केला. खताच्या मागे जाऊन खरे देणे किती, हे तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. कारण त्या कुणब्याला लिहिता-वाचता येत नव्हते. कागदावर काय आहे हे न कळता तो अंगठा उठवी.

“आणि तू?” मी पुतण्याला विचारले. “तू तर इंजिनिअर. दर महिन्याला येणारा कागद कधी शेवटपर्यंत वाचलास का?”

त्याने मान हलवली. त्याहून अवघड प्रश्न पुढेच होता. वहिनींना सांगायचे कोणी?

शेवटी आम्ही दोघे इंदापूरला गेलो. वहिनींनी सारे ऐकून घेतले. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “भाऊजी, ठेवीला व्याज किती मिळतं?”

“सात टक्के.”

“आणि हा देतो किती?”

“बेचाळीस.”

“म्हणजे मी घरासाठी एका डब्यात साठवत होते आणि त्याच घरातला दुसरा डबा गळत होता.” त्या उठल्या आणि कपाटातून ठेवीची पावती घेऊन आल्या. गणित मी शिकवले. पण त्या दिवशीचे उत्तर त्यांचे होते.

ठेव मोडून दोन्ही कार्डांची बाकी पूर्ण फेडली. वसुलीवाल्याने ‘तडजोड करा, थोडे माफ करू’ असे सुचवले होते. ते ऐकले नाही. तशा तडजोडीची नोंद ‘सेटल्ड’ अशी होते, ‘क्लोज्ड’ अशी नाही, आणि पुढच्या बँकेच्या डोळ्यांत ती खुपते. दर वर्षी प्रत्येक पतनोंद कंपनीकडून एक अहवाल फुकट मिळतो, तो मागवला. त्यात चूक सापडली तर दुरुस्तीसाठी तक्रार करता येते, हेही तेव्हाच कळले. एक कार्ड ठेवले, पण बिल पूर्ण भरायचे या अटीवर. जे ७,३०० रुपये कार्डात जात होते, ते वहिनींच्या नावे ठेवीत जाऊ लागले.

तो फ्लॅट मात्र गेला. दुसऱ्याने घेतला. चौदा महिन्यांनी तेवढ्याच जागेला दीड लाख जास्त मोजावे लागले. न वाचलेल्या कागदाची ही किंमत. पण यंदा अर्ज केला तेव्हा सिबिलचा आकडा ७६१ होता आणि कर्ज मंजूर झाले.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे व्यापारी नवी वही पुजतात. यंदा आमच्या वहिनींनी पाटावर नाण्यांशेजारी तो पतनोंदीचा अहवाल ठेवायचे ठरवले आहे. मात्र त्यांची एक अट आहे. हळदकुंकू वाहण्यापूर्वी चिरंजीवांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचा.