काऊन्सेलरचं कोण ऐकतं?

सोमवारी सकाळी बॉसचं ‘जरा केबिनमध्ये ये’ ऐकलं की तुमच्या-आमच्या पोटात गोळा येतो. पण वाडीतली माझी एक मैत्रीण महिन्यातून दोनदा स्वतःच्या खिशातले पैसे मोजून असं बोलावणं चक्क विकत घेते! (मैत्रीण कसली, बारा वर्षांनी मोठी आहे. मी तिला ताईच म्हणते.) ती काऊन्सेलर आहे आणि या प्रकाराला म्हणतात सुपरव्हिजन.

अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोडाऊनमागे तिची जागा. बाहेर ट्रकचे हॉर्न, आत दोन खुर्च्या आणि टिश्यूचा डबा. ‘माझं नाव छापलंस तर बघ,’ हा तिचा पहिला डायलॉग. दुसरा, ‘चहा ठेवू ना?’

मला वाटलं होतं, सुपरव्हिजन म्हणजे इन्स्पेक्शन. कोणीतरी फाइल तपासणार, लाल शेरे मारणार. ताई हसली. ‘अगं, दिवसभर लोकांचं ऐकून मी घरी जाते. नवऱ्याला सांगू शकत नाही, आईला नाही, तुला तर नाहीच. मग कोणाला सांगू?’ तर असं कोणीतरी म्हणजे सुपरव्हायझर: जास्त अनुभवी थेरपिस्ट, ज्याच्यासमोर केस मांडायची. क्लायंटचं नाव-गाव गाळून, आणि अशी चर्चा होते हे क्लायंटला आधीच सांगून.

मग तिने एक किस्सा सांगितला. ओळख पटेल असं सगळं बदलून.

एक तरुण मुलगा यायचा. नोकरी गेलेली, झोप उडालेली. ताईने त्याला पर्सनल नंबर दिला. रात्री अकराला फोन यायचा, मग एकला यायला लागला. पन्नास मिनिटांचं सेशन दोन तासांवर गेलं, फी घेणं बंद झालं. ‘मला वाटायचं, मी किती चांगली आहे!’

तिची सुपरव्हायझर मुंबईची, व्हिडिओ कॉलवर भेटणारी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘हा मुलगा तुला कोणासारखा वाटतो?’

ताई गप्प. तिचा धाकटा भाऊ तेविसाव्या वर्षी गेला. तो कसा गेला, ते तिच्या घरात कोणी बोलत नाही.

पुढचा प्रश्न साधाच होता. ‘जीव द्यावासा वाटतो का, असं तू त्याला कधी सरळ विचारलंस?’ महिनाभर रात्री-अपरात्री बोलणं झालं होतं, पण हा एक प्रश्न तिने विचारलाच नव्हता. उत्तराची भीती तिलाच वाटत होती. पुढच्या भेटीत तिने विचारलं. तो ‘हो’ म्हणाला.

त्यानंतर भराभर हालचाल झाली. सायकिअ‍ॅट्रिस्टची अपॉइंटमेंट, त्याच्या संमतीने मोठ्या भावाला कल्पना, आणि रात्री काही वाटलं तर कोणाला फोन करायचा याची लेखी यादी. (सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, १४४१६, २०२२ पासून आहे. चोवीस तास. मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.) तो मुलगा आज पुण्यात नोकरी करतो.

ही काही नवी फॅशन नाही हं. फ्रॉईडच्या घरी १९०२ पासून बुधवारी संध्याकाळी डॉक्टर मंडळी जमायची. १९२० च्या दशकात बर्लिनच्या संस्थेत सुपरव्हिजन ट्रेनिंगचा भागच झालं. ब्रिटनमधल्या काऊन्सेलर्सच्या मोठ्या संघटनेच्या सभासदाला प्रॅक्टिस चालू असेपर्यंत नियमित सुपरव्हिजन घ्यावंच लागतं, मग केस पांढरे झालेले असोत. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी आरईबीटीचे जनक अल्बर्ट एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला आणि एलिस यांच्या न्यूयॉर्कच्या संस्थेचे मान्यताप्राप्त सुपरव्हायझर झाले.

पण मला सगळ्यात आवडलं ते गोव्याचं. तिथल्या ‘संगत’ या संस्थेने मानसोपचाराची डिग्री नसलेल्या स्थानिक लोकांना नैराश्यावरचं काऊन्सेलिंग शिकवलं. सेशन रेकॉर्ड व्हायचं, मग सगळे बसून एकमेकांच्या टेप ऐकायचे आणि मार्क द्यायचे! प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ पेशंटवरचा त्यांचा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ज्यांना हे काऊन्सेलिंग मिळालं त्यांचं नैराश्य इतरांपेक्षा जास्त कमी झालं होतं.

आणि आपल्या शहरांत? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिहॅबिलिटेशन कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं आणि त्यांचं ट्रेनिंग देखरेखीखालीच होतं. साध्या काऊन्सेलरच्या बाबतीत मात्र बरीच वर्षं कोणी विचारणारंच नव्हतं. २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्याने त्यांना यादीत घेतलं खरं, पण महिन्याच्या सुपरव्हिजनचा हिशोब ताईकडे आजवर कोणी मागितलेला नाही. दोन वर्षांपूर्वी मी ज्यांच्याकडे जायचे, त्यांनी दुसऱ्याच भेटीत मला स्वतःच्या घटस्फोटाची कथा ऐकवली. फी मात्र माझ्याकडून घेतली! तेव्हा ‘तुमचं सुपरव्हिजन कोण करतं?’ हे विचारायचं सुचलं नाही. आता पहिल्या भेटीतच विचारेन. ताई म्हणते, चांगला काऊन्सेलर या प्रश्नाने चिडत नाही, आणि चिडलाच तर तेही कळलेलं बरं.

‘परवडतं कसं गं?’ मी विचारलं. तिच्या सुपरव्हायझरच्या एका तासाची फी म्हणजे ताईच्या दोन क्लायंटची फी. ‘नाही परवडत,’ ती म्हणाली. म्हणून आता नागपुरातल्या चौघीजणी मिळून महिन्यातून एका रविवारी भेटतात आणि एकमेकींच्या केसेस ऐकतात. तर्री-पोहे कॉन्ट्रिब्युशनमध्ये.

चार वाजता बेल वाजली. ताईने डायरी मिटली. गुरुवारच्या पानावर एका ओळीभोवती लाल गोल दिसला.

‘हे काय गं?’

‘ते सुपरव्हायझरसाठी,’ ती म्हणाली आणि मला मागच्या दाराने बाहेर काढलं.