न दिसलेल्या प्रकाशाचा दाखला

23 एप्रिल 2009 रोजी, जागतिक वेळेनुसार सकाळचे आठ वाजण्यास पाच मिनिटे उरली असताना, सिंह राशीच्या दिशेने आलेल्या गॅमा किरणांच्या लोटाची वर्दी ‘स्विफ्ट’ या उपग्रहाने पृथ्वीवर धाडली. लोट दहाएक सेकंदांतच ओसरला. परंतु असा लोट सोडणाऱ्या स्फोटातून उसळलेले द्रव्य जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने भोवतालच्या वायूवर आदळते, आणि त्या आघातातून क्ष-किरणांपासून रेडिओ लहरींपर्यंत पसरणारी जी पश्चदीप्ती मागे रेंगाळते, तिच्याच शोधासाठी ज्योतिर्विदांची सारी धावपळ असते. तिची मुदत अल्प; तासाभराने जेवढे तेज असते, त्याचा सुमारे दहावा हिस्सा दहा तासांनी उरतो.

स्विफ्टच्या क्ष-किरण दुर्बिणीने स्थान मुक्रर केले. दृश्य व अतिनील प्रकाश टिपणाऱ्या तिच्या सोबतिणीला मात्र तेथे काहीच आढळले नाही. हवाई बेटावरील मौना केआ शिखरावर तेव्हा रात्र होती. वीसेक मिनिटांत तेथील ब्रिटिश अवरक्त दुर्बीण त्या जागेकडे वळली आणि दोन मायक्रॉनहून किंचित अधिक तरंगलांबीत एक क्षीण बिंदू गवसला. पाठोपाठ शेजारच्या ‘जेमिनी’ दुर्बिणीनेही तो टिपला. पण सव्वा मायक्रॉनच्या गाळणीतून स्पष्ट दिसणारा हा बिंदू एका मायक्रॉनच्या गाळणीतून पार नाहीसा झाला होता.

माझ्या मते या तपासातील सर्वांत मोलाचा दाखला म्हणजे हे न दिसणेच होय. धुळीनेही प्रकाश अडतो, हे खरे. परंतु धूळ प्रकाशाला क्रमाक्रमाने मंद व तांबूस करते, आणि येथे तर उरलेल्या अवरक्त प्रकाशात तांबूसपणाची खूण नसताना एका हद्दीपाशी तो एकदम तुटला होता. विश्वाच्या बाल्यावस्थेतील उदासीन हायड्रोजन 0.1216 मायक्रॉनहून आखूड लहरी गिळून टाकतो; विश्वाच्या प्रसरणाने हीच सीमारेषा ताणली जाऊन 1.1 मायक्रॉनपलीकडे सरकली असेल, तर मूळ लहरी नवपटीहून अधिक लांबल्या, हे ओघानेच आले. चोवीस तासांच्या आत ला पाल्मा बेटावरील आणि चिलीतील दुर्बिणींनी घेतलेल्या वर्णपटांनी या अनुमानाची रुजुवात केली: ताम्रसृती, म्हणजे लहरींच्या लांबीत मूळ लांबीच्या किती पट भर पडली याचे माप, 8.2. त्याच प्रमाणात काळही ताणला जात असल्याने, आपल्याला दहा सेकंद भासलेला तो लोट उगमस्थानी जेमतेम सेकंदभराचा होता!

विश्व अवघे 63 कोटी वर्षांचे असताना एक प्रचंड तारा आपले आयुष्य संपवून कोसळलाही होता, आणि त्याची पश्चदीप्ती त्या वेळेपर्यंत मोजलेल्या कोणत्याही वस्तूपेक्षा दुरून आली होती. पुढे हबल दुर्बिणीने त्याच जागी त्या ताऱ्याची दीर्घिका धुंडाळली. ती दिसली नाही. इतक्याच प्राचीन काळातील अन्य काही स्फोटांच्या दीर्घिकाही अशाच अदृश्य राहिल्या. त्यावरून, त्या युगातील बहुतेक तारे आपल्या दुर्बिणींच्या आवाक्याबाहेरच्या लहानसहान दीर्घिकांत जन्मले असावेत, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.