राजाचे रान, रयतेची वाट

‘पार्क’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चार बाकडी, एक कोरडे कारंजे आणि ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी उभी राहते. लंडनच्या नैऋत्येचे रिचमंड पार्क या चौकटीत काही केल्या बसायचे नाही. ते चांगले अडीच हजार एकरांचे रान आहे. भोवती भिंत, आत शेकडो वर्षांचे ओक वृक्ष, कमरेइतके वाढणारे नेचे, तळी आणि सुमारे 630 हरणे! या रानाच्या कडेकडेने खडी दाबून केलेली एक वाट फिरते. तिचे नाव टॅमसिन ट्रेल. निघालो तेथेच परत आणून सोडणारा हा सव्वासात मैलांचा, म्हणजे साडेअकरा-बारा किलोमीटरांचा फेरा आहे. रुंद चाकांची डोंगरी सायकल असली तर उत्तमच. ती नसली तरी अडत नाही.

कड्यावरून सायकल झोकून देणाऱ्या वीरांना ही वाट अगदी मिळमिळीत वाटेल. वाटू द्या! दहा वर्षांचे पोर आणि त्याची साठीची आजी एकाच दमात पुरी करू शकतील अशा वाटा जगात थोड्या, आणि त्याही मोठ्या शहराच्या कुशीत फारच थोड्या.

सुरुवात रोहॅम्प्टन गेटापासून करावी. प्रथम बेव्हर्ली नावाच्या ओढ्याच्या सोबतीने सपाटीवरून जावे. रॉबिनहूड गेट मागे पडले की चढ लागतो. येथे दम लागला तर खुशाल उतरून चालावे, कोणी हसत नाही. पुढे किंग्स्टन गेट, मग हॅम गेटाची बाजू, आणि पुन्हा उंचावर पेम्ब्रोक लॉज. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे बालपण याच घरात, आजी-आजोबांजवळ गेले; आज तेथे चहा मिळतो. सायकल बाहेर ठेवून बागेतल्या ‘राजा हेन्रीच्या टेकाडा’वर अवश्य चढावे. तेथे झाडोऱ्यात मुद्दाम राखलेल्या एका फटीतून दहा मैलांवरचा सेंट पॉलच्या चर्चचा घुमट नेमका दिसतो. मध्ये एवढे अफाट शहर पसरलेले, तरी त्या दृष्टीच्या रेषेआड कोणी इमारत आणू नये असा निर्बंध आहे. जागेच्या एकेका फुटासाठी झगडणाऱ्या शहराने नुसत्या नजरेसाठी एवढी वाट मोकळी ठेवावी, याचे नवल वाटते.

तेथून रिचमंड गेटावरून वळलो की शीन गेट येते. या फेऱ्यातले हे सर्वांत साधे ठिकाण. तरी थांबावे ते येथेच.

पहिल्या चार्ल्स राजाने 1637 साली शिकारीसाठी हे रान भिंतीने कोंडले. त्यात लोकांच्याही जमिनी गेल्या, कुरबूर झाली. तथापि पायवाटांवरून जाण्यायेण्याचा रयतेचा हक्क तेवढा शाबूत राहिला. पुढे 1751 मध्ये दुसऱ्या जॉर्जची कन्या अमीलिया या रानाची अधिकारी झाली आणि बाईसाहेबांनी दारेच लावून घेतली. आत जायचे तर परवान्याचे तिकीट हवे, आणि ते मिळायचे मर्जीतल्यांना! रिचमंडचा जॉन लुईस नावाचा एक बिअर गाळणारा व्यापारी 1755 साली शीन गेटाशी आला. दारावरच्या बाईने त्याला अडवले. गडी गुपचूप घरी गेला नाही. थेट फिर्याद लावली. समोर राजकन्या, हा बिअरवाला, आणि खटला चालला तीन वर्षे. 1758 मध्ये न्यायाधीश सर मायकेल फॉस्टर यांच्यापुढे निकाल लागला तो लुईसच्या बाजूने. भिंतीला दार हवे की शिडी, असे विचारल्यावर त्याने शिडी मागितली. दाराला कडी लावता येते, शिडीला लावता येत नाही, हे तो पुरते ओळखून होता.

शिडी झाली, पण पायऱ्या मुद्दाम लांब लांब ठेवलेल्या! लुईस पुन्हा न्यायाधीशाकडे गेला. मुलांना आणि म्हाताऱ्यांना चढता येत नाही, म्हणाला. फॉस्टरसाहेबांनी बजावले, मुले व म्हातारेच काय, म्हाताऱ्या बायकांनाही चढता येईल अशी ती करून घ्या.

आज राजकन्येशी भांडायचे कारण उरलेले नाही. आता भांडण आहे ते हक्कदारांचे आपापसांत. पायी चालणारे, घोडेस्वार, कुत्री फिरवणारे, मोटारवाले आणि सायकलवाले, सर्वांनाच रान हवे. 2012 च्या ऑलिम्पिकची सायकल-शर्यत येथल्या डांबरी रस्त्यांवरून गेली. सुसाट सायकलींची आणि मोटारींची कुरकूर अजून थांबलेली नाही. मोटारींना ताशी 20 मैलांची मर्यादा आहे, आणि 2020 पासून काही रस्त्यांवरून आरपार जाण्यासही बंदी झाली. खडीच्या वाटेवर मात्र पहिला मान चालणाऱ्याचा. सायकलवाल्याने घंटी वाजवावी, वेग उतरवावा, वाट सोडून झाडीत शिरू नये. यात जाच वाटण्याजोगे काही नाही. पडलेली खोडे येथे मुद्दाम कुजू देतात, कारण शिंगाळ्या भुंग्याच्या अळ्या त्याच लाकडावर वाढतात. त्यावरून चाक गेले तर त्यांनी दाद कोणत्या न्यायाधीशाकडे मागावी?

हरणांपासून पन्नास मीटर दूर राहावे, हेही पाळायचे. सप्टेंबर-ऑक्टोबरात नर माजावर येतात, शिंगे भिडवतात, सकाळच्या धुक्यात त्यांची डुरकणी ऐकू येते. तेव्हा फोटोच्या मोहाने जवळ जाणे म्हणजे शुद्ध वेडेपणा.

शीन गेटापासून रोहॅम्प्टनपर्यंत उतार आहे. पायडल फारसे मारावे लागत नाही. चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना दारे एरवी रात्रंदिवस उघडी असतात. फक्त नोव्हेंबरात आणि फेब्रुवारीच्या सुमारास, कळपाची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी काही हरणे मारावी लागतात, त्या दिवसांत रात्री ती बंद होतात. तेव्हा त्या महिन्यांत जाणाऱ्याने अंधार पडायच्या आत फेरा पुरा करावा.