'संशयित' म्हणजे नेमके काय? गुरांच्या क्षयचाचणीचा अर्थ

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील डोंगराळ, भरपूर पावसाचे तालुके. भात, नागली, वरई ही इथली पिके, आणि नांगरटीसाठी बैल हा शेतकऱ्याचा मोठा आधार. कित्येक घरांत एकाच छपराखाली एका बाजूला माणसे राहतात आणि दुसऱ्या बाजूला गुरे बांधलेली असतात. दिवसा पाड्यावरची गुरे एकत्र चरायला जातात. अशा पाड्यावरच्या एखाद्या गाईची क्षयरोगासाठी चाचणी झाली आणि निकाल 'संशयित' आला, तर काय करावे? गाय बाजारात विकावी, गोष्ट लपवावी, की काही झालेच नाही असे मानावे? तिन्ही उत्तरे चुकीची आहेत. ती का चुकीची, हे कळण्यासाठी ही चाचणी काय मोजते ते पाहू.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला. त्याच्यापासून त्यांनी बनवलेले 'ट्यूबरक्युलीन' १८९० साली औषध म्हणून पुढे आले. औषध म्हणून ते फसले, पण निदानासाठी फार उपयोगी पडले. माणसाच्या आणि गुरांच्या क्षयाचे जंतू वेगळे आहेत, हे थिओबाल्ड स्मिथ यांनी १८९८ मध्ये दाखवले. गुरांच्या जंतूचे नाव मायकोबॅक्टेरियम बोव्हिस. आपल्याकडेही हा विषय जुना आहे. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतील, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेतील, लिस्टन आणि सोपारकर यांनी भारतीय दुभत्या गुरांना क्षयाची बाधा कितपत होते यावरचा आपला अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला होता.

चाचणी अशी करतात. जनावराच्या मानेवर दोन जागी केस कापून कातडीची जाडी मोजतात. एका जागी पक्ष्यांच्या क्षयजंतूंपासून आणि दुसऱ्या जागी गुरांच्या क्षयजंतूंपासून बनवलेले ट्यूबरक्युलीन कातडीत टोचतात. ७२ तासांनी जाडी पुन्हा मोजतात. गुरांच्या ट्यूबरक्युलीनची सूज दुसऱ्या सुजेपेक्षा ४ मिलिमीटरहून अधिक असेल, तर निकाल होकारार्थी. फरक १ ते ४ मिलिमीटर असेल तर संशयित, त्याहून कमी असेल तर नकारार्थी.

येथे आपण जंतू पाहत नाही, जनावराच्या प्रतिकारयंत्रणेची आठवण तपासतो. माती आणि पाण्यात क्षयजंतूंचे अनेक निरुपद्रवी नातेवाईक असतात. त्यांच्याशी संबंध आल्यानेही थोडी सूज येऊ शकते. पक्ष्यांचे ट्यूबरक्युलीन शेजारी टोचतात ते याच कारणाने. याउलट, नुकतीच लागण झालेले किंवा रोगाने पार खंगलेले जनावर सूज दाखवीलच असे नाही.

आता थोडे गणित करू. समजा, १००० गुरांपैकी २० गुरांना खरोखर लागण झाली आहे. चाचणी १०० बाधितांपैकी ८० ओळखते आणि १०० निरोग्यांपैकी ५ जणांना चुकून बाधित ठरवते, असे धरू. मग २० पैकी १६ बाधित सापडतील, ४ निसटतील. ९८० निरोग्यांपैकी ४९ चुकून अडकतील. म्हणजे बाधित ठरलेल्या ६५ गुरांपैकी खरी बाधित फक्त १६, जेमतेम एक चतुर्थांश! रोग जितका विरळ, तितके एका चाचणीवर विसंबणे धोक्याचे. म्हणूनच फेरचाचणी हवी.

पण फेरचाचणी दुसऱ्याच दिवशी करून चालत नाही. टोचलेल्या ट्यूबरक्युलीनमुळे प्रतिक्रिया काही काळ मंदावते आणि खरे बाधित जनावरही निरोगी वाटू शकते. त्यामुळे मध्ये निदान ४२ दिवस जावे लागतात. सगळी परीक्षा या सहा आठवड्यांची आहे.

या काळात गाय वेगळी बांधावी. तिची गव्हाण आणि पाणी वेगळे ठेवावे, चरायलाही वेगळे न्यावे. हा रोग मुख्यतः श्वासावाटे पसरतो, म्हणून गोठ्यात हवा खेळती हवी. वासराला तिचे कच्चे दूध पाजू नये. माणसांनी दूध उकळूनच घ्यावे. क्षयजंतू ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंदांत मरतात, उकळी तर त्याहून वरची. अशी गाय विकली तर रोग दुसऱ्या गोठ्यात, दुसऱ्या तालुक्यात पोचतो, आणि निकाल चुकीचा असेल तर चांगली गाय मातीमोल भावाने जाते. गुरांचा क्षय २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे संशय आल्यास कळवणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

फेरचाचणीतही बाधा ठरली तर? अनेक देशांत असे जनावर मारून टाकतात. महाराष्ट्रात गाईंची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद आहे आणि २०१५ पासून बैलही त्यात आले. म्हणून येथे बहुतेकदा कायमचे वेगळे ठेवणे हा मार्ग उरतो. जनावराला माणसाची क्षयाची औषधे देऊ नयेत; अर्धवट उपचारांतून औषधांना दाद न देणारे जंतू तयार होतात.

घरातील माणसांकडेही लक्ष हवे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप किंवा मानेत गाठी असतील तर सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते. तेथे गुरांचा निकाल जरूर सांगावा. क्षयावरील चार मुख्य औषधांपैकी पायराझिनामाइड हे औषध गुरांच्या जंतूवर मुळातच चालत नाही, त्यामुळे ही माहिती डॉक्टरांच्या उपयोगी पडते. उलटा प्रवासही होतो: खोकणाऱ्या माणसाकडून गुरांना लागण होऊ शकते.

वरचे गणित वर्गात अवश्य करून घ्यावे. २० च्या जागी २०० बाधित गुरे धरली तर उत्तर कसे पालटते, ते मुलांनीच काढावे. 'संशयित' हा शब्द दोषी ठरवत नाही आणि निर्दोषही ठरवत नाही, हे ज्या मुलांना आकड्यांतून कळेल, ती घरी जाऊन गाय विकण्याची घाई थांबवू शकतील.