जानकी अम्मल नावाचा गुलाब

वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्मल यांचं नाव आता एका पिवळ्या गुलाबाला मिळालं आहे. तो घडवला कोडाईकनालच्या विरू आणि गिरिजा वीरराघवन या दाम्पत्याने. आपल्या बागांतले बहुतेक गुलाब युरोपच्या थंडीसाठी तयार झालेले. इथल्या उन्हात ते लवकर दमतात. म्हणून या दोघांनी मणिपूरच्या डोंगरांतला रोझा जायगँटिया आणि पाणथळ जागेतला रोझा क्लिनोफिला हे रानगुलाब संकरासाठी निवडले. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

संकराची सुरुवात कळीपासून होते. उमलण्याआधीच पाकळ्या दूर करून चिमट्याने पुंकेसर काढतात, मग निवडलेल्या झाडाचे पराग कुंचल्याने कुक्षीवर लावतात. फळ पिकायला काही महिने लागतात. त्यातल्या प्रत्येक बीचं रोप वेगळं निघतं, आणि शेकडो रोपांतून एखादंच ठेवण्याजोगं असतं. पसंत पडलेल्याचे डोळे भरून कलमं केली, की प्रत्येक झाड मूळ झाडासारखंच येतं.

खरी अडचण पेशीत असते. बहुतेक बागगुलाबांत २८ गुणसूत्रं, या रानगुलाबांत १४. संकरात २१ येतात, त्यांच्या समान जोड्या लागत नाहीत आणि रोप बहुधा वांझ निघतं. गुणसूत्रांचा अभ्यास हेच जानकी अम्मल यांचं आयुष्यभराचं काम, सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासोबत त्यांनी लागवडीच्या वनस्पतींचा गुणसूत्रकोश १९४५ साली प्रसिद्ध केला होता.